करपा म्हटलं आणि भाताचं औषध आलं: मार्कंडेयकाठच्या एका केळीबागेची हकिकत

आमच्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात 'करपा' हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो. भातावर करपा, बटाट्यावर करपा, कांद्यावर करपा, आणि नाव सुचलं नाही तर मिरचीवरही करपा. प्रत्येकाची बुरशी वेगळी, औषध वेगळं, पण दुकानाच्या काउंटरवर शब्द एकच. ही हकिकत त्या शब्दानं घातलेल्या घोळाची आहे, आणि त्यातून एक केळीबाग निम्मीअधिक कशी सावरली त्याची. पूर्ण सावरली असं मी म्हणणार नाही.

बाग माझ्या मामेभावाची. वयानं मोठा, म्हणून घरात सगळे त्याला अण्णाच म्हणतात. मार्कंडेय नदीच्या काठाला सव्वा एकराचा तुकडा, तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला भात. राकसकोप धरण भरलं की इथल्या सखल शेतांत पाणी उभं राहतं. अण्णानं फेब्रुवारीच्या मध्याला जी-नाईन या केळीच्या जातीची टिश्यू कल्चर रोपं लावली, पाच बाय पाच फुटांवर, जवळजवळ २१०० झाडं. सहा बाय पाच ठेवलं असतं तर १८०० बसली असती. त्या जास्तीच्या तीनशे झाडांचा हिशेब पुढे येईल.

कर्नाटकी बेंदूर झाला, पाऊस लागला आणि बाग अशी फोफावली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालची पानं कडेनं वाळायला लागली. अण्णाला वाटलं, पोटॅश कमी पडलं. वाटणं अगदीच चूक नव्हतं, केळीला पोटॅश खरंच भरपूर लागतं. त्यानं पोटॅश दिलं, सोबत हात सैल सोडून युरियाही दिला. पंधरा दिवसांत वाळणं दोन पानं वर सरकलं. मग तो गेला औषधाच्या दुकानात.

"करप्याचं काय चांगलं आहे ते द्या," एवढंच त्यानं सांगितलं. हंगाम भाताचा. दुकानात त्या आठवड्यात येणारा प्रत्येक माणूस भाताच्या करप्यासाठीच येत होता. पुडी हातात आली ती ट्रायसायक्लाझोलची. हे औषध भाताच्या करप्यावर उत्तम चालतं, कारण ते त्या बुरशीच्या एका विशिष्ट प्रक्रियेवरच घाव घालतं. केळीच्या पानावरच्या बुरशीला त्याचं काही सोयरसुतक नाही. दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्यानं पीक विचारलं नाही हे खरं, पण अण्णानंही सांगितलं नाही. लेबलावर पिकाचं नाव होतं, पण ते बारीक अक्षरांत आणि इंग्रजी-कन्नडमध्ये. अण्णाला कन्नड बोलता येतं, वाचायचं म्हटलं की तो चष्मा शोधायला लागतो.

दोन फवारण्या झाल्या, त्याही पाठीवरच्या पंपानं, खालून जेवढं पोचेल तेवढ्या पानांवर आणि रिमझिम चालू असताना. नागपंचमी होऊन गेल्यावर वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुम्ही एकदा येऊन बघून जावा की. हे बोलत नाहीत, पण बाग जाऊलीय."

पान उजेडाला धरल्यावर

मी गेलो तेव्हा सोबत भाची होती. ती अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकते, आणि तिच्या पिशवीत कायम दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं. अण्णा आम्हाला सरळ खालच्या पानांकडे घेऊन गेला. तिथं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तपकिरी, चुरगळलेली, खोडाला लोंबणारी पानं. सगळ्याच रोगांचा शेवट असा एकसारखा दिसतो, त्यावरून निदान करता येत नाही.

भाची मान वर करून शेंड्याकडे बघत होती. पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानातून, नुकतंच पूर्ण उलगडलेलं पान पहिलं धरायचं आणि तिथून खाली मोजत यायचं. तिनं तिसरं पान वाकवायला सांगितलं. वरून ते पान हिरवंगार, आमच्या डोळ्यांना निरोगी. तिनं ते उलटं करून आभाळाकडे धरलं. तेव्हा दिसलं. शिरांच्या मधून, शिरांना समांतर, बारीक बारीक रेघा. काही फिकट पिवळसर, काही गंजाच्या रंगाच्या, तांदळाच्या कणीपेक्षा लांब नाहीत. चौथ्या पानावर त्याच रेघा रुंद होऊन लांबट ठिपके झालेल्या. पाचव्यावर ठिपक्याचं पोट राखाडी, वाळलेलं, भोवती गडद काठ आणि त्याबाहेर पिवळी झालर. सहाव्यावर ठिपके एकमेकांत मिसळून अख्खा पट्टा करपलेला. एकाच झाडावर वरून खाली उतरत गेलं की रोगाचं सगळं वय वाचता येत होतं.

हा सिगाटोका. नाव फिजी बेटांवरच्या एका खोऱ्याचं, तिथं १९१२ साली या रोगानं केळीची दाणादाण उडवली. जावा बेटावर तो त्याच्या आधी दहा वर्षं, १९०२ मध्ये नोंदला गेला होता. त्याचा जास्त आक्रमक भाऊ, काळा सिगाटोका, तोही फिजीतच १९६३ मध्ये सापडला. आपल्याकडे याच कुळातली आणखी एक बुरशीही असते. तिघांची लक्षणं इतकी जवळची की नक्की कोण ते सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. शेतात त्यावाचून अडत नाही, करायचं काम तेच राहतं.

पोटॅशची कमतरता नाही हे कशावरून? तिथं जुनी पानं टोकाकडून आणि कडेनं नारिंगी-पिवळी होत वाळतात, टोक आत वळतं, पण राखाडी पोटाचे झालरवाले ठिपके पडत नाहीत. कोवळ्या तिसऱ्या पानावर रेघा तर नाहीतच. मर, म्हणजे झाड आतून सुकवणारा रोग, नाही हे बघायला एक मरतुकडं झाड आडवं कापलं. मर असता तर खोडाच्या पदरांत तांबूस-तपकिरी दोरे दिसले असते. आतून खोड स्वच्छ पांढरं निघालं. जुन्या पानांवर कधीकधी मोठे, अंड्याच्या आकाराचे, आत वर्तुळं असलेले डागही पडतात. ती वेगळी, तुलनेनं सौम्य बुरशी, बहुधा आधीच जखमी पानावर बसणारी. तसे चार-दोन डाग इथंही होते, त्यांची आम्ही काळजी केली नाही.

परत येताना भाची एक वाक्य बोलली, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांच्या वर्गात कन्नडमध्ये याला 'येले चुक्के रोग' म्हणतात, पानावरच्या ठिपक्यांचा रोग. म्हणजे कन्नड नाव ठिपका बघतं आणि आपलं मराठी नाव करपलेलं पान. आपण नावामागं जातो, म्हणून आपली नजर खाली जाते. रोग मात्र वर, तिसऱ्या पानावर उभा असतो.

हिशेब पानांचा

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून जे मांडलं, ते या प्रकरणाचं खरं गाभ्याचं काम. बुरशीचा कण कोवळ्या, नुकत्या उलगडलेल्या पानावर पडतो, ओल मिळाली की रुजतो आणि पानाच्या रंध्रांतून आत शिरतो. रंध्रं जास्त असतात ती खालच्या बाजूला. आत शिरल्यापासून रेघ दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज दिसणारा डाग गेल्या महिन्यातल्या पावसाचा. आज फवारलं म्हणून तो डाग पुसला जाणार नाही. फवारणी वाचवते ते वरचं पान आणि अजून पोंग्यात असलेलं.

दुसरी गोष्ट त्याहून कठोर. केळ निसवली, म्हणजे कमळ बाहेर आलं, की त्यानंतर नवीन पान येत नाही. तोवर झाडावर असतील तेवढ्याच पानांवर अख्खा घड भरायचा. निसवताना आठ तरी चांगली पानं हवीत, जास्त असली तर उत्तम.

अण्णाची बाग फेब्रुवारीची, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला निसवणार. आम्ही बसलो होतो ऑगस्टच्या मध्याला. आपल्या पावसाळी थंडाव्यात आठ-नऊ दिवसांना एक पान धरलं, तर सहा पानं अजून यायची होती. वहिनींनी वहीत लिहिलं: आज हाताशी काय आहे, येणार काय आहे, जाणार काय आहे. तिरक्या रेघेत बागेतून चालत वीस झाडं निवडली आणि जुन्या साडीची लाल किनार फाडून प्रत्येकाच्या खोडाला बांधली. दर आठवड्याला त्या वीसच झाडांचे दोन आकडे मोजायचे: चांगली पानं किती, आणि वरून कितव्या पानावर पहिला पक्का ठिपका आहे. दुसरा आकडा वाढत गेला, चारवरून पाच, पाचवरून सहा, तर आपण जिंकतोय. खाली आला तर रोग वर चढतोय. पहिल्या दिवशी सरासरी होती दहा पानं, पहिला ठिपका चौथ्यावर.

अण्णा म्हणाला, "मोजून काय होणार? औषध सांग."

"आधी कोयता," मी म्हटलं.

कोयता, चर, आणि मग बॅरल

पान कापण्यातही घोटाळा होतोच. पहिल्या दिवशी लावलेल्या गड्यानं उत्साहात एका ओळीची पानं साफ केली, चारच ठेवली. वहिनींनी थांबवलं म्हणून पुढची बाग वाचली. नियम साधा ठेवला: निम्म्याहून जास्त करपलेलं पान देठापासून काढायचं. निम्म्याहून कमी असेल तर फक्त रोगट भाग, टोक किंवा पट्टा, छाटायचा, हिरवं राहू द्यायचं. खोडाला लोंबणारं वाळकं पान आधी काढायचं, कारण तेच सगळ्यात घातक. ठिपक्यावर तयार होणारे कण पावसाच्या थेंबाबरोबर शेजारच्या झाडावर उडतात, पण वाळक्या पानात जे तयार होतात ते वाऱ्यावर बसून लांब जातात. कापलेली पानं बागेत पसरली तर काम निम्मं वाया. इथं पावसात जाळणं शक्यच नव्हतं. बागेपासून लांब खड्डा घेतला, पानं शेणकाल्यासकट थरांनी दाबली आणि वर माती टाकली. पहिल्या कापणीनंतर सरासरी दहावरून सहावर आली. उघडी बाग बघून अण्णा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

त्याच आठवड्यात चर काढले. सखल बाजूला ओळींच्या मधून पाणी काढून भाताच्या बांधाकडे सोडलं. प्रत्येक बुंध्याला तीन-चार पिलं, म्हणजे बुडातून फुटलेले नवे कोंब, होती, ती सगळी कापली. पाच बाय पाचच्या बागेत पानं एकमेकांत घुसलेली, तीन बाजूंना उसाची भिंत. सकाळी दहा वाजले तरी पानं ओली. ही ओल म्हणजे बुरशीचं अंथरूण. जास्तीच्या तीनशे झाडांनी कमाई किती वाढवली ते अण्णाच जाणे, ओल मात्र नक्की वाढवली.

मग औषध. एका खंडलेल्या पावसाच्या सकाळी, २०० लिटरची अडीच बॅरल: प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी हे द्रवरूप बुरशीनाशक लिटरला १ मिली, सोबत शेतीसाठीचं खनिज तेल १ टक्का, म्हणजे लिटरला १० मिली. एकूण ५०० मिली औषध आणि ५ लिटर तेल. तेल आधी थोड्या पाण्यात घुसळून दुधासारखं करून घ्यायचं, नाहीतर ते वर तरंगतं आणि बॅरलचं शेवटचं पाणी मिळालेली झाडं भाजून काढतं. अण्णानं विचारलं, डिझेल चालेल का. नाही. तेलाचं काम दुहेरी: केळीच्या मेणचट पानावर औषध पसरवून धरायचं, आणि स्वतःही बुरशीची वाढ मंदावायची. पण कडक उन्हात ते पान भाजतं, आणि पुन्हा पुन्हा दिलं तर झाडाचा श्वास कोंडतो. क्लोरोथॅलोनिल या दुसऱ्या बुरशीनाशकासोबत ते कधीच मिसळू नये. पंप भाड्यानं आणला, एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा, लांब नळीचा. नोझल वर धरून पोंगा आणि वरच्या चार पानांची खालची बाजू भिजवायची. खालच्या पानांवर औषध घालवायचं नाही. फवारणाऱ्याला हातमोजे, तोंडाला मास्क आणि टोपी, कारण केळीत औषध डोक्यावरून खाली गळतं.

दुसरी फवारणी वीस दिवसांनी, मुद्दाम वेगळ्या गटाची: मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, औषध पानाला चिकटवणाऱ्या स्टिकरसह. हे पानाच्या वर बसून राखण करतं, आत जात नाही, जोराच्या पावसात धुपतं. तरी मध्ये ते हवंच, कारण प्रोपिकोनॅझोलसारखं एकच औषध सलग मारलं की बुरशी त्याला सरावते. कार्बेन्डाझिम या जुन्या बुरशीनाशकाच्या बाबतीत जगभरच्या केळीबागांत हे घडून गेलेलं आहे. तिसरी फवारणी परतीच्या पावसात, सप्टेंबरच्या अखेरीला, पुन्हा प्रोपिकोनॅझोल आणि तेल. चौथीची गरज पडली नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून हवा कोरडी झाली आणि किनार बांधलेल्या झाडांवर पहिला ठिपका सहाव्या-सातव्या पानाखाली गेला.

परसातली केळ

मध्ये गणपती आले, आणि गणपतीत केळीचं पान कोणाला नको असतं! दर वर्षी अर्धी गल्ली अण्णाकडे पानं मागायला येते. माणसं कापतात ती वरची, कोवळी, न फाटलेली पानं, म्हणजे आम्ही जी जीवापाड राखत होतो नेमकी ती. शिवाय बाग फवारलेली. त्या पानावर कोणी जेवायचं नाही, हे अण्णानं दारात उभं राहून एकेकाला सांगितलं. दोघं-तिघं रागावून गेले. "पान मागितलं तर औषधाचं कारण," असं एक म्हातारी ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलली.

अण्णाच्या घरामागं, बागेपासून दीडशे पावलांवर, काकूंची परसातली केळ आहे. आठ-दहा बुंधे, कित्येक वर्षांचे, सांडपाण्यावर वाढलेले. त्यांची पानं सणावाराला कापली जातात, पण वाळकी कोणी काढत नाही. खोडाभोवती झालरीसारखी लोंबत असतात. भाचीनं पहिल्याच दिवशी तिकडे बोट दाखवलं होतं. वारा पश्चिमेकडून येतो आणि परस बागेच्या पश्चिमेला. ती केळ काढून टाका म्हणायची हिंमत कोणालाच नव्हती. काकांच्या हातची आहे ती. मी विषय काढला तेव्हा काकू म्हणाल्या, "बागेतली मरूलीत म्हणून माझी तोडणार होय?"

तोडली नाही. वहिनींनी तडजोड काढली. वाळकी पानं काकूंनीच काढायची, दर एकादशीच्या आदल्या दिवशी, आणि हिरवी पानं त्यांच्याच ताब्यात राहणार. काकूंनी आपली विळी काढली. सत्तरीतल्या बाईनं दोन तासांत परस असं उघडं केलं की मागची विहीर घरातून दिसायला लागली.

निसवण आणि काटा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निसवण सुरू झाली. वहिनींच्या वहीत वरच्या दोन तृतीयांश बागेत नऊ-दहा पानं, आणि चराकडच्या सखल पट्ट्यात सहा. गड्यानं साफ केलेली ती ओळही त्याच पट्ट्यात. सहा पानांवर पूर्ण घड भरत नाही, आणि भरल्यासारखा दिसला तरी धोका वेगळाच असतो. पानं कमी पडलेला घड आतून लवकर पिकायला लागतो. कापताना हिरवा दिसतो आणि गाडीत पिवळा पडतो. तसा माल व्यापारी दारातूनच परत पाठवतो.

म्हणून त्या पट्ट्यात घडाच्या खालच्या दोन-दोन फण्या लहान असतानाच काढल्या, उरलेल्यांना पानं पुरावीत म्हणून. अण्णाला हे सगळ्यात जड गेलं. पान कापणं त्यानं सोसलं होतं, पण फणी कापताना तो बांधावर जाऊन बसला. फेब्रुवारीत काढणी झाली तेव्हा त्या पट्ट्यातले घड पूर्ण भरायची वाट न बघता, पाऊण भरल्यावरच आधी कापून जवळच्या बाजारात दिले, लांबच्या गाडीत घातले नाहीत. वरच्या बागेतला माल नेहमीसारखा गेला. सखल पट्ट्याचा पैसा साधारण खर्चापुरता झाला, त्यात भाताच्या औषधाच्या दोन फवारण्याही आल्या.

खोडवा, म्हणजे त्याच बुंध्यांवरचं पुढचं पीक, ठेवायचा की नाही यावर घरात बराच वाद झाला. शेवटी सखल पट्टा मोडला, तिथं या वर्षी भात आहे. वरच्या बागेत एका बुंध्याला एकच पिल्लू राखलं, आणि प्रत्येक चौथी ओळ काढून टाकली. लाल किनारी पावसानं विटून गुलाबी झाल्यात, वहिनींनी नव्या बांधल्या. परवा फोन केला तर अण्णा दुकानातच उभा होता. मागून कोणीतरी विचारत होतं काय हवंय, आणि तो म्हणत होता, "केळीसाठी. केळी. पानावर ठिपका आहे, तिसऱ्या पानावर. करपा नव्हं."